शब्दचर्चा: गेस्टची कंट्रोल रजिस्टरे 'सुरक्षितपणे' वाचणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न

हायपरव्हायझरच्या (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे गेस्ट, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अंतरंगावर मराठीत टिपण लिहितो आहे आणि एका वाक्याशी अडलो आहे: 'गेस्ट प्रोसेसरची कंट्रोल रजिस्टरे सुरक्षितपणे वाचावीत.' 'सुरक्षितपणे' म्हटले की वाचकाच्या मनात कुलूप, पासवर्ड, घुसखोर येतात. इथला अर्थ तसा वाटत नाही. शिवाय 'रीड शॅडो' आणि 'मास्क' या दोन शब्दांना काय म्हणावे? छाया, मुखवटा हे शब्द लिहून पाहिले, पण वाक्य कळेनासे होते.

उत्तर

गेस्ट आणि होस्ट (गेस्टला चालवणारी बाजू, इथे हायपरव्हायझर) तसेच ठेवा. अतिथी-यजमान ही जोडीही चालेल, मात्र एकदा निवडली की शेवटपर्यंत तीच वापरा. रजिस्टरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या किंमत ठेवण्याच्या जागेला, 'नोंदवही' करू नका. नोंदवहीत जुन्या ओळी तशाच राहतात, रजिस्टरमध्ये नवी किंमत आली की जुनी पुसली जाते.

उत्तर

'सुरक्षितपणे'बद्दलची तुमची शंका बरोबर आहे. इथे धोका चोरीचा नाही, चुकीची किंमत खरी मानण्याचा आहे.

इंटेलच्या व्हीटी-एक्समध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या आभासीकरणाच्या सोयीत, गेस्टच्या सीआर० या एकाच कंट्रोल रजिस्टरच्या (प्रोसेसर कसा चालावा हे ठरवणाऱ्या रजिस्टराच्या) तीन किमती एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात. एक, गेस्ट चालताना हार्डवेअर प्रत्यक्ष वापरते ती. दुसरी, गेस्टने सीआर० वाचला तर त्याला दिसते ती. तिसरी, हायपरव्हायझरने आपल्या मेमरीत जपून ठेवलेली प्रत. 'सीआर० वाचा' एवढेच लिहिले तर यांपैकी कोणती, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. म्हणून क्रियापदाआधी कोणाची किंमत हे लिहावे, क्रियाविशेषणाचा विचार नंतर.

सीआर४मधला १३ क्रमांकाचा बिट, म्हणजे व्हीएमएक्सई, घ्या. व्हीएमएक्स, म्हणजे प्रोसेसरची आभासीकरणाची अवस्था, चालू असेपर्यंत तो प्रत्यक्षात १ असावाच लागतो. पण ज्या गेस्टला आपल्याखाली आभासीकरण आहे हे दाखवायचेच नाही, त्याला तो ० दिसायला हवा. प्रत्यक्ष किंमत घेऊन 'गेस्टने व्हीएमएक्स चालू केले' असा निष्कर्ष काढणारा कोड साफ चुकेल.

आता तिसरी किंमत. काही बिट गेस्टच्या हवाली केलेले असतात. केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायझर) इंटेलवर सीआर०मधला टीएस, म्हणजे ३ क्रमांकाचा बिट, असा सोपवू शकते. मग गेस्ट तो बदलतो आणि हायपरव्हायझरला काहीच कळत नाही, कारण व्हीएम एक्झिट, म्हणजे गेस्ट थांबून ताबा हायपरव्हायझरकडे येणे, होतच नाही. मेमरीतली प्रत आता शिळी झालेली असते. 'स्टेल'साठी हाच शब्द मी सुचवेन. प्रत मुळात चुकीची नव्हती, फक्त वेळ उलटून गेली, हे 'शिळी'त आपोआप येते. 'कालबाह्य'मध्ये ते येत नाही. कालबाह्य गोष्ट टाकून देतात, शिळी प्रत ताजी करून घेता येते.

केव्हीएम नेमके हेच करते. मागितलेला बिट गेस्टच्या ताब्यातला आहे का, हे आधी पाहते. तो तसा असेल आणि या एक्झिटनंतर प्रत अजून भरलेली नसेल, तरच व्हीएमसीएसमधून, म्हणजे प्रोसेसर गेस्टची स्थिती ज्यात ठेवतो त्या रचनेतून, किंमत आणते. बाकीच्या बिटांसाठी प्रत पुरते, कारण ते बदलायला गेस्टला हायपरव्हायझरकडेच यावे लागते. म्हणून तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'गेस्टचे कंट्रोल रजिस्टर वाचताना शिळ्या प्रतीवर विसंबू नये, बिट कोणाच्या ताब्यात आहे ते पाहून ताजी किंमत घ्यावी.' लांबले आहे, पण हे वाचणाऱ्याला चुकीचा कोड लिहिणे अवघड जाईल.

प्रश्नकर्ता

पटले. मग मुखवटा?

उत्तर

नको. मुखवट्यात लपवण्याचा भाव आहे. व्हीएमसीएसमधला हा मास्क काही लपवत नाही, ताबा ठरवतो. त्यात १ असलेला बिट होस्टचा, ० असलेला गेस्टचा. 'ताबा-मास्क' म्हणा.

'छाया'ला माझा विरोध अधिक आहे. छाया वस्तूबरोबर हलते. रीड शॅडो मात्र खऱ्या रजिस्टरच्या मागे जात नाही. होस्टने गेस्टला दाखवण्यासाठी मुद्दाम लिहून ठेवलेली ती किंमत असते. शेअरच्या 'दर्शनी मूल्या'मुळे ओळखीचा झालेला शब्द इथे चपखल बसतो: दर्शनी किंमत. मग नियम असा सांगता येतो: गेस्टने सीआर० वाचला की होस्टच्या ताब्यातल्या बिटांची दर्शनी किंमत मिळते, बाकीच्यांची प्रत्यक्ष. आणि होस्टच्या बिटात दर्शनी किमतीपेक्षा वेगळे काही लिहायला गेला तर व्हीएम एक्झिट.

हा नियम सीआर० आणि सीआर४ यांच्यापुरता. सीआर३ला, म्हणजे पेज टेबलाचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टराला, ताबा-मास्क नाही. त्याचे वाचन वा लेखन थांबवायचे की नाही, यासाठी स्वतंत्र नियंत्रणे आहेत. ईपीटी (गेस्टच्या मेमरीचे पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणारी हार्डवेअरची तक्ते) वापरताना गेस्टला सीआर३ बहुधा मोकळेपणी बदलू देतात, म्हणून त्याची प्रत हमखास शिळी धरावी.

उत्तर

एएमडीचे वेगळे आहे, तेही टिपणात यावे. तिथे ताबा-मास्क नाही आणि दर्शनी किंमतही नाही. व्हीएमसीबी या व्हीएमसीएससारख्याच रचनेमध्ये प्रत्येक कंट्रोल रजिस्टरचे वाचन आणि लेखन अडवायचे की नाही, याचे बिट आहेत. 'इंटरसेप्ट'ला 'अडवणे' हा साधा शब्द पुरे.

जाता जाता: 'वाचनाने काय बिघडते' हा समज मुळातच या क्षेत्रात महाग पडलेला आहे. पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ साली अट मांडली की प्रोसेसरच्या संवेदनशील सूचना, म्हणजे यंत्राची स्थिती बदलणाऱ्या वा उघड करणाऱ्या, विशेषाधिकारातच चालायला हव्यात. एक्स८६ वर एसएमएसडब्ल्यू ही सूचना सीआर०चे खालचे बिट साध्या प्रोग्रॅमलाही वाचू देत असे आणि ट्रॅप होत नसे, म्हणजे ताबा हायपरव्हायझरकडे जात नसे. गेस्टला खऱ्या यंत्राची किंमत दिसून जाई. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीचा हार्डवेअर आधार आला, त्याआधी हायपरव्हायझर लिहिणाऱ्यांना अशा सूचनांसाठी गेस्टचा कोडच बदलून चालवावा लागे.

प्रश्नकर्ता

दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असलेल्या व्हीसीपीयूचे (गेस्टच्या आभासी प्रोसेसरचे) रजिस्टर वाचायचे असेल तर?

उत्तर

तिथे 'ताजी किंमत' हा शब्द पुरत नाही, 'थांबवून वाचणे' लिहा. व्हीएमरीड ही व्हीएमसीएस वाचण्याची सूचना, ती ज्या प्रोसेसरवर दिली त्यावर सध्या निवडलेल्या व्हीएमसीएसवरच चालते. व्हीएमसीएसचा काही भाग प्रोसेसरच्या आतच असू शकतो, त्यामुळे मेमरीतले बाइट थेट उघडून काढलेल्या अर्थाला काही आधार नाही. व्हीसीपीयूला आधी गेस्टमधून बाहेर काढायचे, त्याचा व्हीएमसीएस जुन्या प्रोसेसरवरून व्हीएमक्लिअरने मोकळा करायचा, आपल्या प्रोसेसरवर लोड करायचा, मग वाचायचे.

नेस्टेड गेस्टसाठी, म्हणजे गेस्टमधल्या हायपरव्हायझरने चालवलेल्या गेस्टसाठी, हाच दर्शनी किमतीचा नियम आणखी एका पातळीवर लागतो. आतल्या गेस्टला काय दिसावे हे ठरवताना मधल्या हायपरव्हायझरचा मास्क आणि त्याचीच दर्शनी किंमत घ्यावी लागते, बाहेरच्याची नव्हे.

आणि एसईव्ही-ईएस या एएमडीच्या, होस्टपासूनही गेस्टला जपणाऱ्या सोयीच्या गेस्टबद्दल लिहाल तेव्हा 'वाचणे' हे क्रियापद टाळा. तिथे रजिस्टरांची स्थिती कूटबद्ध असते, होस्टला ती उघडता येत नाही. सीआर०मध्ये गेस्टने लिहिल्यानंतर हार्डवेअर नवी किंमत होस्टला कळवते. तिथे होस्ट ती 'नोंदवून घेतो' असे म्हणा.