देवघरातली थाळी निघाली पहिल्या महायुद्धातली, पणजोबांच्या भावाचा शोध कुठून सुरू करू?

पारोळ्याचा पाहुणा
राम राम मंडळी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गाव आमचं पारोळा तालुक्यात, मी पोटापाण्यासाठी नाशकात. घरी देवघरात एक जाड पितळी चकती आहे, चहाच्या बशीएवढी, तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि पुढ्यात सिंह. आजी तिला सप्तशृंगी म्हणायची, मंगळवारी हळदकुंकू आणि दिवाळीला चिंचेनं घासणं ठरलेलं, लहानपणी मीही पाया पडलोय. आता रंगकामासाठी देवघर हलवलं आणि चकती साबणानं नीट धुतली तर कडेनं गोल इंग्रजी अक्षरं, आणि उजवीकडं चौकटीत चक्क आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं नाव!! (नाव इथं टाकत नाही, भाऊबंदकी मोठी आहे.)

त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलंय, "तो बसराले गया नि तठेच राही गया." कोणती पलटण, कधी गेले, कसे गेले, काहीच माहीत नाही. चांदीचं एक पदक पण होतं म्हणे, ते १९७२च्या दुष्काळात सोनाराकडं मोडलं. इंटरनेटवर नाव टाकलं तर त्याच नावाचे ढीगभर सापडतात, आपला कोणता ते कसं ओळखायचं?

रिटायर्ड हवालदार
भाऊ, आधी एक, सप्तशृंगीला अठरा हात, हिला दोनच, एवढं तरी बघायचं की राव 😄 ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं चिन्ह. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरी ही चकती यायची, लढाई संपल्यावर, १९१९ पासून पुढं. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास वाटल्या. पितळ नाही, कांसं आहे ते. कडेनं लिहिलंय त्याचा अर्थ 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला'. दुसऱ्या हातात हार आहे बघा, तो बरोबर नावाच्या चौकटीवर धरलाय.

आता वाईट बातमी. चकतीवर नाव असतं पण हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, मुद्दामच, मरणात सगळे सारखे म्हणून. ते सगळं कोरलेलं असतं पदकाच्या कडेवर, म्हणजे तुमचं जे सोनारानं वितळवलं त्याच्यावर. बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चकतीसोबत एक छापील कागद पण यायचा, त्यावर हुद्दा आणि पलटण असायची. जुनी पेटी, पत्र्याची डबडी, देवाच्या फोटोमागचं पुठ्ठं, सगळं उचकटून बघा.

पारोळ्याचा पाहुणा
अरारारा. म्हणजे कामाचं ते मोडून खाल्लं आणि बिनकामाचं पूजलं. कागद नाहीये, पेटीला वाळवी लागली होती.

वाचनमात्र
इंग्रजांच्या तेलासाठी मेला तो, त्यात एवढं काय शोधायचं?

रिटायर्ड हवालदार
त्यानं तेल बघितलं पण नसेल हो. पोट होतं, पगार होता. माणूस घरी आला नाही तर कुठं राहिला ते विचारायला काय हरकत आहे.

नकाशावेडा
बसरा म्हणतात म्हणजे मेसोपोटेमिया, आजचं इराक. मराठ्यांच्या तेव्हा सहा पलटणी होत्या, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७, आणि सहाही त्या मुलखात जाऊन आल्या. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ कूत अल अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी उपासमारीनं शरणागती आणि तिथून कैदेत वाळवंटातनं पायपीट, त्यात कितीतरी वाटेतच गेले. म्हणून 'लढाईत मेला' असंच गृहीत धरू नका, भूक, आजार, कैद काहीही असू शकतं. आणि पलटण मराठाच होती हेही नाही, महार लोकांची १११ नंबरची पलटण १९१७ला उभी राहिली, शिवाय खेचरवाले, मजूर, डोलीवाले पण गेले.

शोधायचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर, फुकट आहे. पण नावावर भर देऊ नका. आपली नावं साहेबानं कानाला लागेल तशी लिहिलीत, आडनाव बऱ्याचदा नाहीच. 'अधिक माहिती'चा रकाना आहे त्यात गाव टाका, आणि जळगाव जिल्हा टाकू नका! १९०६ला खानदेशाचे दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम, पारोळा पूर्व खानदेशात. इंग्रजीत 'मराठा'ला मध्ये एक जास्तीचा 'ह' लावायचे ते पण ध्यानात ठेवा. जिथं नोंद पूर्ण आहे तिथं 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव' असं असतं, बापाचं नाव जुळलं की झालं.

एक सांगून ठेवतो, बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर लोकांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर नाहीत. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा फक्त पलटणीखाली आकडा. नावं वहीत. ते स्मारक पण १९९७ला सद्दामनं उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलं. आणि दिल्लीला इंडिया गेटवर जाऊन नाव शोधत बसू नका, तिथली नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाण लढाईतली.

धुळ्याची माई
तुम्ही सगळे त्याला लंडनला पाठवताय, मी म्हणते आधी तहसीलला जा. बापाचं नाव नक्की कुठून आणणार? आजीच्या तोंडी जे नाव ते घरातलं हाकेचं असतं, कागदावर वेगळं. थोरला भाऊ मेला म्हणजे त्याच्या वाट्याच्या जमिनीची वारस नोंद झालीच असेल, जुन्या फेरफार वहीत बघा. आमच्याकडं माझ्या आजेसासऱ्यांच्या चुलत्याचं असंच निघालं, फेरफारात एक ओळ, 'पलटणीत मयत, वारस भाऊ', आणि खाली तारीख. मृत्यूची नाही हं, नोंदीची, पण बापाचं नाव नि साल हाती लागलं, मग पुढचं सोपं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, परदेशातलं मरण बहुतेक सापडत नाही, पण जन्म सापडू शकतो. कुणबी नोंदींच्या वेळी बरीच बुकं स्कॅन झाली, ती पण विचारा.

वही मोडीत असली तर घाबरू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, मोडी वाचणारं माणूस तिथं कुणीतरी सांगेल. फोटो काढताना फक्त तुमची ओळ काढू नका, पूर्ण पान काढा.

पारोळ्याचा पाहुणा
माई, दंडवत. मागच्या सोमवारी गेलो होतो. रेकॉर्ड रूमवाले दादा आधी "उद्या या" म्हणाले, चकतीचा फोटो दाखवला तर खुर्ची सोडून स्वतःच कपाटात शिरले. १९१८चा फेरफार सापडला, मोडीत, मला वाचता येतो तो फक्त पणजोबांचा अंगठा. पान मंडळात वाचून घेतलं. पणजोबांच्या वडलांचं नाव आम्ही आजवर चुकीचं सांगत होतो! आता बरोबर नाव आणि पूर्व खानदेश टाकून साइटवर बघितलं तर ढिगातले दोनच उरले, एक ११७ मध्ये, एक मजुरांत. एकाच्या पुढं गावाचं नाव आहे पण असं काही लिहिलंय की ते आमचंही असू शकतं नि शेजारच्या गावाचंही.

नकाशावेडा
गावाचं स्पेलिंग जसंच्या तसं इथं मराठीत लिही, बघू. त्या दुसऱ्या गावाच्या चावडीत जुनी संगमरवरी पाटी आहे का तेही बघून ये, 'या गावातून इतके गेले, इतके मेले' अशा पाट्या तेव्हा बऱ्याच गावांत लावल्या होत्या.

रिटायर्ड हवालदार
आणि चकतीचं काय केलं?

पारोळ्याचा पाहुणा
आईला सगळं सांगितलं, ही देवी नाही, आपला माणूस आहे म्हटलं. ती म्हणे मग तर हळदकुंकू बंद, उद्यापासून गंध लावायचं. आता रोज लावते. फक्त चिंचेनं घासू नको म्हणून सांगितलंय, नावातलं शेवटचं अक्षर आधीच अर्धं झिजलंय.