बालवाडीत कुत्रा असावा का?

अबोली:
पुण्यात कोथरूडला माझी छोटी बालवाडी आहे. अडीच ते पाच वर्षांची २६ मुलं, आम्ही दोघी ताई आणि एक मावशी. मोती माझा, चार वर्षांचा देशी कुत्रा. नसबंदी झालेली, लशी वेळेवर. श्रावणात घरी रंगकाम काढलं होतं म्हणून आठवडाभर त्याला सोबत नेलं आणि व्हरांड्यात बांधून ठेवलं.

साडेतीन वर्षांची एक मुलगी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. चौथ्या दिवशी ती डबा घेऊन मोतीशेजारी बसली आणि म्हणाली, "पोळीभाजी आहे. तुला नाही." मी दारातच थबकले. डोळे भरून आले.

आता त्याला रोजच न्यावं असं वाटतंय. पालकांना विचारलं, २२ हो म्हणाले, चौघं नको. माझं मत पक्कं आहे, पण विरोध असेल तर तो नीट ऐकायचाय. बोरिस लेविन्सन या अमेरिकी बालमानसतज्ज्ञाला त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यामुळे अबोल मुलाशी संवाद साधता आला, त्यावर त्याने १९६२ मध्ये लिहिलंही. मुलांना कुत्र्याचा आधार वाटतो हे काही माझं एकटीचं वेड नाही.

ओलीमाती:
तुमच्या त्या चौघांतली मी नाही, पण असते तर नकोच म्हणाले असते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना नातेवाइकांच्या पाळलेल्या कुत्र्याने त्याच्या गालाला चावा घेतला. "आजवर कुणाला चावला नाही हो," हे वाक्य तेव्हा घरातल्या प्रत्येकाने म्हटलं. नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुताना त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. मग जखमेत रेबीजविरोधी सिरमची इंजेक्शनं आणि लशीचे पाच डोस: पहिल्या दिवशी, मग त्या दिवसापासून तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस दिवसांनी. मोठ्या माणसाला कुत्रा पायाला चावतो, एवढ्याशा पोराचं तोंडच त्याच्या तोंडासमोर येतं. आणि २२ विरुद्ध ४ हे गणित इथे लावूच नका. भीती मतदानाने जात नाही.

वाड्यातलेआजोबा:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण मुलांना जनावरापासून तोडून आपण काय कमावलं? आमच्या लहानपणी अंगणात कुत्रा, गोठ्यात म्हैस, मांडीवर मांजर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघरमधल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. शाळाच कुरणात नेली, गुरांसकट! आज फ्लॅटमधलं पोर गल्लीतला कुत्रा दिसला की किंचाळत पळतं, आणि पळालं की कुत्रा मागे लागतो. कुत्र्यासमोर कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवायचं?

ओलीमाती:
आजोबा, कोसबाडच्या मुलांची ती स्वतःची गुरं होती. कुठली गाय शिंग मारते हे त्यांना पाठ. इथल्या मुलांना कुत्रा म्हणजे मऊ खेळणं. शेपटी ओढणार, गळ्यात पडणार.

जनावरांचाडॉक्टर:
मी पशुवैद्य आहे. लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, दम्याच्या आणि ॲलर्जीच्या मुलांची आधी चौकशी, हे सगळं जमवता येतं. मला काळजी मोतीची आहे. त्याच्याबद्दल इथे अजून कुणी विचारलंच नाही.

कुत्रा दिवसाचा निम्मा वेळ तरी झोपतो. २६ मुलांच्या गलक्यात तो कुठे झोपणार? बांधलेला कुत्रा उठून लांब जाऊ शकत नाही, म्हणून त्याला बांधून मुलं जवळ सोडणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. "अचानक चावला" असं माझ्याकडे नेहमी सांगतात, पण कुत्र्याने बहुतेक वेळा आधी बजावलेलं असतं: ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ होतं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असंही नाही. लहान मुलांना तर विचकलेले दात हसल्यासारखे वाटतात. अबोलीताई, एक दिवस शिकवू नका. फक्त मोतीकडे बघा.

राईनकाठ:
मी जर्मनीत राहतो. इथे काही बालवाड्यांत आणि शाळांत कुत्रा येतो, पण तो एका शिक्षिकेचा असतो, दोघांचं मिळून प्रशिक्षण झालेलं असतं आणि त्याला रोज दिवसभर ठेवत नाहीत. त्याची एक चटई असते. तो चटईवर गेला की कुणी हात लावायचा नाही. स्वच्छतेचे नियम इथे प्रत्येक बालवाडीला लेखी ठेवावे लागतात, त्यात कुत्राही येतो. माझी मुलगी आधी हात पुढे करून कुत्रा वास घेतो का ते बघते आणि त्याने तोंड फिरवलं तर मागे सरते. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं.

ओलीमाती:
आपल्याकडे हे प्रशिक्षण कोण देणार? ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. मोती भटका नाही, कळतं मला. पण पालकांच्या मनात काय चाललंय तेही कळू द्या.

अबोली:
डॉक्टरसाहेब, काल मोतीला पुन्हा नेलं आणि नुसती बघत बसले. डफली वाजली की त्याने तोंड फिरवलं. गाण्यात तीनदा जांभई. एका मुलाने मागून मिठी मारली तेव्हा तो दगडासारखा उभा राहिला. मी याला आजवर "किती शहाणा आहे" म्हणत होते. रात्री झोप लागली नाही.

रोज नेणार नाही. बुधवारी अर्धा तास, व्हरांड्यात, सोडलेला, मागे जायला जागा, एका वेळी तीन मुलं. नको म्हणणाऱ्या चार घरांतली मुलं तेव्हा आत मातीकाम करतील, दार बंद. मोतीला नेणं अगदीच बंद मात्र करणार नाही. त्या मुलीचा आवाज मी ऐकलाय.

ओलीमाती:
मला अजूनही पटलेलं नाही. एक ताई आत, तुम्ही मोतीजवळ, मावशी शी-शूला. ज्या बुधवारी तिघींपैकी एक सुटीवर असेल, तेव्हा?

अबोली:
त्या बुधवारी मोती घरी.