मोबाईल विकाच्या आधी त्यातले कागद, फोटो पुरे कसे पुसाचे?

वावरवाला_दारव्हा
राम राम भाऊ लोक. चार वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन आहे, 64 जीबीवाला, बॅटरी दुपारलेच मान टाकते म्हणून तालुक्याले एका दुकानात देऊन दुसरा घ्याचा ठरवला, दुकानदार 2,500 देतो म्हणते. पण द्याले जीव होऊन नाही रायला. हा फोन माह्या एकट्याचा कधी नव्हताच. बायको बचत गटाची सचिव आहे, गटातल्या अकरा बायांचे आधार अन पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो याच्यावरूनच काढले, बाबाचा सातबारा, पीककर्जाचे कागद, ई-पीक पाहणीसाठी पराटीत उभं राहून काढलेले फोटो, सगळं यातच. काल रात्री गॅलरीतून एकेक फोटो डिलीट करत बसलो, दोन तास गेले, मंग पोट्टा म्हणे बाबा ते ट्रॅशमधी तसेच पडून आहेत. पाहतो तर खरंच, त्या बायांचे चेहरे एकाखाली एक तिथंच. तेव्हापासून झोप नाही लागली. इश्वासानं देल्लेले कागद आहेत, कोणी त्याच्यावर सिम काढलं तर मी त्यायच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ? रिसेट मारलं, म्हणजे फोन पार कोरा केला, का सगळं जाते, का कोणी परत काढू शकते?

टेबलवाला_आर्णी
भाऊ, 12 वर्षं झाले मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, हे इचारणारे लोक फार कमी येतात. गॅलरीतून डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं पण पराटी वावरात उभीच, दुसरं काही त्या जागेवर लिहिल्या जात नाही तोवर जुनं निघू शकते. रिसेटची गोष्ट येगळी आहे. 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आलं तेव्हापासून नव्या फोनमधला डेटा कुलूपबंदच राह्यते, म्हणजे एन्क्रिप्शन, अन रिसेट मारलं का कुलपाची किल्लीच नष्ट होते, मागं जे उरते ते कोणालेच वाचता येत नाही. तुमचा चार वर्षांचा आहे म्हणजे यातच बसते, भेव नाही.

जुन्या फोनचं मात्र तसं नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या दोघांनी 2015 मध्ये 21 वापरलेले फोन तपासले होते, अँड्रॉइड 2.3 ते 4.3 वाले, अन रिसेट मारल्यावरबी त्यातून लोकायचा डेटा निघाला. घरी असा पडला असन तर रिसेट मारजो, मंग कॅमेरा टेबलावर पालथा ठेवून मेमरी फुल होईस्तोवर व्हिडिओ चालू ठेवजो, अन पुन्हा रिसेट.

आता महत्त्वाचं. मेमरी कार्ड! रिसेटनं कार्ड पुसल्या जाईनच असं नाही. मागच्या पोळ्याच्या आधी एक फोन आला माह्याकडे, मालकानं रिसेट मारलेला, सिमच्या ट्रेमधी पिन टोचली तर कार्ड तसंच बसून, अन त्यात त्याच्या पोरीच्या साक्षगंधाचे सारे फोटो. बोलावून परत देल्लं, पण दुसऱ्याच्या हाती गेलं असतं तर? कार्ड काढून घरीच ठेवा, विकूच नका.

धामणगावकर
वरच्या भाऊनं बरोबर सांगतलं पण एक राह्यलं, गुगल अकाउंट. मी रिकव्हरीतून (फोन बंद करून बटणं दाबून जे उघडते त्यातून) रिसेट मारून फोन विकला होता, तिसऱ्या दिवशी घेणारा माणूस 18 किलोमीटर गाडी हाणत घरी आला, का तर फोन चालू केला का जुन्या मालकाचा पासवर्ड मागते अन पुढं जातच नाही. चोरीच्या फोनसाठी ते कुलूप देल्लं आहे, अँड्रॉइड 5.1 पासून. बिचारा भर उन्हात आला होता, मले लय वाईट वाटलं. म्हणून आधी सेटिंगमधी जाऊन अकाउंट रिमूव्ह करा, स्क्रीन लॉक काढा, मंगच सेटिंगमधूनच रिसेट मारा (कंपनीनुसार ते सिस्टिममधी नाहीतर अबाउट फोनमधी सापडते). आयफोन असन तर फाइंड माय (हरवलेला फोन शोधाची सोय) बंद करा लागते. अन त्याच्याबी आधी नंबर पाहा, बऱ्याच जणांचे नंबर गुगलमधी नाही तर फोनमधीच सेव्ह राह्यतात, रिसेट मारलं का सारे गेले.

सीआरपी_ताई_वाशीम
दादा, मी उमेदच्या (सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटायचं काम करते म्हणून ही काळजी समजते. फोटो एकेक करून डिलीट करत बसू नका, गुगल फोटोमधून उडवलं तर बॅकअपमधलंबी जाते, तुमच्या पराटीचे फोटो कामाचे आहेत. नव्या फोनवर सगळं उघडते का पाहा, व्हॉट्सॲपचा बॅकअप आला का पाहा, यूपीआय नव्यावर चालू करून जुन्यातून लॉगआउट करा, मंगच जुना रिसेट. एवढ्यासाठी एखादा दिवस दोन्ही फोन जवळ ठेवा, दुकानदार घाई करन पण करू नका.

अन कागद पुढच्या वेळी असे घेऊच नका. मास्क आधार मिळते, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. गटातल्या बायाले भेव वाटत असन तर सरकारच्या संचार साथी नावाच्या साइटवर आपल्या नंबरनं पाहाले लावा, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते, आपलं नसलेलं तिथंच कळवता येते. मी आमच्या गटाच्या बैठकीत सगळ्यायचं पाहून देल्लं.

वावरवाला_दारव्हा
ताई, भाऊ, लय उपकार झाले. नवा फोन आणला पण जुना दुकानात देल्ला नाही अजून. ट्रेमधी पाहिलं, कार्ड होतं, मले आठवणच नव्हती! काढलं. नंबर तपासले तर 140 नंबर फोनमधीच होते, मामाचा, खतवाल्याचा, डॉक्टरचा, पोट्ट्यानं ते गुगलमधी टाकून देल्ले. अकाउंट काढलं, रिसेट मारलं, पहिल्या दिवशीसारखा भाषा निवडा म्हणते आता. उद्या बाजार आहे, तवा देतो. बायको आज गटात सांगाले गेली का तुमचे कागद फोनमधून पुसले, अन आता कोण्या बाईचं आधार घ्याचं काम पडलं तर मास्कवालंच घेऊ.