बैठकीत समोरचा श्रोता मोबाइल वर धरून बसला तर काय करावे?

प्रश्न
डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला मी नेमाने जातो, आणि तिथल्या अफाट गर्दीत कुणी मोबाइल वर केला तर मान वळवून ऐकत राहतो. परंतु परवा एका घरगुती बैठकीत, जेमतेम चाळीस श्रोते असताना, गायिकेने मारवा रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल आरंभला आणि माझ्या पुढ्यातील गृहस्थांनी मोबाइल डोक्याच्या वर धरला. ती कोमल ऋषभावर, म्हणजे उतरलेल्या 'रे' स्वरावर, स्थिरावली तेव्हा माझी नजर त्या उजळ पडद्यावरच्या तिच्या बोटभर आकृतीवर खिळलेली होती, याचे मला अजून वाईट वाटते. त्यांना तिथेच थांबवणे उद्धटपणाचे झाले असते का?

पहिला प्रतिसाद
मी तबल्याची साथ करतो. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधी कधी मिनिटभर चालते. त्यामुळे अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढणाऱ्याच्या हाती आवर्तनाचा तुकडा लागतो, पण सम, म्हणजे जिथे आवर्तन येऊन मिळते ती पहिली मात्रा, लागेलच असे नाही. समेवर समोरची मान हलली, नकळत हात उचलला गेला, की गाणाऱ्याला पुढच्या आवर्तनासाठी बळ मिळते. मोबाइल धरलेला हात उठत नाही आणि त्यामागचा चेहरा आम्हाला दिसतही नाही. दोन रागांच्या मध्ये, हलक्या आवाजात अवश्य सांगा.

दुसरा प्रतिसाद
ध्वनिमुद्रणाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा मैफलीतला सावकाश विस्तार त्यांच्या तबकड्यांत सापडत नाही, आणि ही हळहळ त्या घराण्याच्या अनेक चाहत्यांना आहे. आमचे काका बैठकींना स्पूलचे, म्हणजे फितीच्या रिळांचे, ध्वनिमुद्रण यंत्र नेत असत. मात्र कलावंताची परवानगी घेऊन ते कोपऱ्यात सुरू करायचे आणि स्वतः पुढे येऊन मांडी घालून ऐकायचे. फीत संपत आली की तेवढ्यापुरते उठायचे. यजमानांनी असे एकच ध्वनिमुद्रण करून नंतर सर्वांना द्यावे.

प्रश्नकर्ता
हे मनापासून पटले. पुढची बैठक आमच्याच घरी आहे. गायिकेची संमती मिळाली तर यंत्र तानपुऱ्यांच्या मागे ठेवीन, आणि त्या गृहस्थांना निमंत्रण देतानाच ही सोय सांगेन.