मदत हवी आहे : गरोदर वहिनी आणि घरात कांजिण्या

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतण्याला सोमवारी अंगावर फोड आले, कांजिण्याच. घरात वहिनी 14 आठवड्यांच्या गरोदर आहेत आणि आदल्या रात्रीपर्यंत तो त्यांच्याच कुशीत झोपत होता. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते हे आम्हाला नंतर कळलं.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का, हे वहिनींना आठवत नाही. त्यांच्या आईलाही नक्की सांगता येईना. पुतण्याला आता आजीकडे ठेवलंय.

डॉक्टरांनी आयजीजीची, म्हणजे अंगात कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का हे बघणारी, रक्ततपासणी सांगितली. अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन द्यायचं. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची, म्हणून गरोदरपणात चालत नाही. 20 आठवड्यांच्या आत आईला लागण झाली तर बाळाच्या हातापायांत, डोळ्यांत, मेंदूत दोष राहू शकतो. प्रमाण 100 मध्ये एक-दोन, पण काळजी कशी थांबणार? आईला न्यूमोनियाही होऊ शकतो, त्याची मला जास्त धास्ती आहे.

आज चौथा दिवस. हे इंजेक्शन बेळगावात बिम्स किंवा केएलई हॉस्पिटलमध्ये मिळतं का? की कोल्हापूरलाच धावावं लागेल? साधारण खर्च किती? तपासणीचा रिपोर्ट लवकर कुठे मिळेल?

घरचे म्हणतात देवी आली, कडुलिंबाचा पाला ठेवा. पाला ठेवलाय, माझी हरकत नाही. पण दिवस वाया घालवायचे नाहीत. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लगेच सांगा.