नॅरोबोट घेऊन कॅनॉलवरच राहायचा विचार चाललाय, कुणी राहिलंय का?

सुरसागर_ते_सोर

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारातली, नवरा मांजलपूरचा, सात वर्षं झाली लेस्टरला आहोत आणि आता आयएलआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, पण झालंय. सध्या दीड महिना आईकडे बडोद्याला आलेय आणि घरात रोज संध्याकाळी हाच विषय निघतोय म्हणून शेवटी इथे विचारते, कारण या ग्रुपवर तिकडे राहणारे बरेच जण आहेत.

आम्हाला नॅरोबोट, म्हणजे तिकडच्या कॅनॉलवरची लांब अरुंद बोट, घेऊन त्याच्यावरच राहायचंय. भाडं दर वर्षी वाढतंय, घराचं डिपॉझिट जमत नाहीये हे एक कारण आहेच, पण फक्त पैशाचं नाहीये. 2022 ला आम्ही फॉक्स्टनचे दहा लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणारे गेट असलेले पाण्याचे कप्पे, बघायला गेलो होतो, तिथे एक वयस्कर जोडपं बोट वर चढवत होतं, त्या बाईंनी माझ्या हातात विंडलास (फिरवायचा हँडल) दिला आणि पॅडल, म्हणजे पाणी सोडायची झडप, कसं फिरवायचं ते दाखवलं. मग गेटच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायचं, आधी तो एक इंचसुद्धा हलत नाही, आणि दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की एवढं मोठं धूड अगदी हळूच सरकायला लागतं. ते माझ्या पाठीला अजून आठवतंय.

आता एक बोट बघितलीय. 57 फुटी, 1998 ची, क्रूझर स्टर्न (मागे उघडा मोठा डेक), 46 हजार पौंड सांगतोय. आतून फारच छान ठेवलीय, लाकूडकाम, शेगडी, सगळं. मालक म्हणतो सेफ्टी सर्टिफिकेट 2027 पर्यंत आहे मग सर्व्हेवर पैसे कशाला घालवता, आणि दोन आठवड्यांत सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. मूरिंग, म्हणजे बोट बांधायची कायमची जागा, न घेता फिरत राहायचं असं आम्ही ठरवतोय, दोघांची नोकरी लेस्टरमध्येच, मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. जमेल का? थंडीत काय होतं? आणि आईचं म्हणणं असं की 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आपल्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं ते विसरलीस का, आणि आता मुद्दाम पाण्यावर जाऊन राहणार. तिला काय सांगू तेही सुचवा.

टोपाथवरचा_बडोदेकर

ताई, मी साडेपाच वर्षं बोटीवर आहे, पहिली तीन वर्षं फिरता होतो, आता मरीनात मूरिंग घेतलंय. तुमच्या मालकाने जे सांगितलं ना त्यावरच आधी बोलतो कारण मी तिथेच फसलो होतो.

सेफ्टी सर्टिफिकेट चार वर्षांचं असतं आणि त्यात गॅस, वायरिंग, डिझेलची टाकी, आग, व्हेंटिलेशन एवढंच बघतात. खालचा पत्रा किती उरलाय हे त्यात कुणीही बघत नाही, बोट पाण्याबाहेर काढतच नाहीत. म्हणजे सर्टिफिकेट आहे म्हणून सर्व्हे नको हे म्हणणं म्हणजे पीयूसी आहे म्हणून गाडीचं इंजिन बघू नका म्हटल्यासारखं आहे. बोट ड्राय डॉकमध्ये किंवा क्रेनने बाहेर काढायची, सर्व्हेअर अल्ट्रासॉनिक मीटरने जागोजागी जाडी मोजतो. त्या काळातल्या बऱ्याच बोटी 10-6-4 असतात, म्हणजे तळाची प्लेट 10 मिलिमीटर, बाजू 6, वरची केबिन 4. बाजूचं किंवा तळाचं माप 4 च्या खाली आलं की इन्शुरन्सवाले कटकट करतात आणि वरून नवीन प्लेट वेल्ड करून घ्या म्हणतात, त्याला ओव्हरप्लेटिंग म्हणतात.

मी सर्व्हे न करता घेतली होती. आतून तुमच्या बोटीसारखीच चकचकीत. दोन वर्षांनी ब्लॅकिंगला, म्हणजे डांबराचा हात द्यायला बाहेर काढली, प्रेशर वॉशरने धुतली आणि पाण्याच्या रेषेखाली पत्र्यावर देवीच्या वणासारखे खड्डे. मी त्यातल्या एकात करंगळीचं टोक घातलं, बसलं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं किनाऱ्याची वीज जोडून ठेवलेली आणि मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नाही, त्यामुळे अर्थिंगच्या वायरमधून शेजारच्या बोटींशी करंट चालू राहतो आणि तुमचं लोखंड हळूहळू खाल्लं जातं. अ‍ॅनोड (लोखंडाऐवजी आधी झिजावा म्हणून लावलेला धातूचा तुकडा) तर पार संपून नुसता नट उरलेला. ओव्हरप्लेटिंगला मला आठ हजार पौंडांच्या वर लागले. सर्व्हेचे सात-आठशे पौंड आणि बाहेर काढायचा खर्च वाचवायला गेलो होतो. त्यामुळे ऑफर द्यायची तर लेखी द्या, सर्व्हे चांगला आला तरच, अशी अट घालून. विकणारा बोट बाहेर काढू देत नसेल तर तिथून निघा, दुसरं गिऱ्हाईक असो नाहीतर नसो.

आता फिरत राहण्याचं. इथे बहुतेक लोकांचं गणित चुकतं, कारण सगळे आधी बोट शोधतात आणि ती उभी कुठे राहणार ते नंतर. मूरिंग नसेल तर 1995 च्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग 14 दिवसांच्या वर थांबता येत नाही आणि खरोखर प्रवास करताय हे दिसलं पाहिजे. कॅनॉल सांभाळणाऱ्या ट्रस्टची माणसं टोपाथवरून, म्हणजे काठाच्या पायवाटेवरून, बोटींचे नंबर टिपत जातात. त्यांनी स्वतः म्हटलंय की वर्षभरात 20 मैलांच्या आतच घुटमळलात तर त्यांचं समाधान होणं अवघड आहे. म्हणजे त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे करत नोकरी करता येत नाही. आणि एप्रिल 2024 पासून मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर सरचार्ज पण आहे, तो टप्प्याटप्प्याने वाढवतायत.

तुमच्या बाबतीत अशक्य नाहीये. लेस्टरच्या उत्तरेला सिस्टन, साइलबी, बॅरो, लफबरो ही स्टेशनं पाण्यापासून चालत जाण्यासारखी आहेत, दक्षिणेला मार्केट हार्बरो. पण फॉक्स्टन चढून वर गेलात की पुढे वॉटफर्ड लॉक्सपर्यंत 20 मैल एकही लॉक नाही आणि एकही स्टेशन नाही, तिकडे असाल ते आठवडे तुम्हाला ऑफिस गाठणं फार जड जाईल. त्यात नोव्हेंबर ते मार्च लॉकची दुरुस्ती काढतात, तुमच्या दोन्ही बाजूंचे लॉक बंद असले की हलायलाच जागा उरत नाही, ते वेळापत्रक आधी जाहीर होतं ते बघून थंडी कुठे काढायची ते ठरवायचं.

पत्ता हा अजून एक प्रश्न. डॉक्टरकडे पत्त्याच्या पुराव्याशिवाय नाव घालता येतं, पण बँक, गाडीचा इन्शुरन्स, लायसन्स सगळ्यांना पत्ता लागतो, आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करणार असाल तर त्यात पण राहत्या पत्त्यांचा हिशोब द्यावा लागतो. मूरिंग घेतलं तरी नीट विचारा, लेझर, म्हणजे फक्त हौसेपुरत्या वापराच्या, मूरिंगवर कायम राहायची परवानगी नसते, रेसिडेन्शिअल म्हणूनच लेखी हवं आणि त्या जागा कमी आहेत. मी तर म्हणेन आधी जागा मिळवा, मग त्या जागेला बसेल अशी बोट.

निवृत्त_नहर_इंजिनिअर

मी नर्मदा कालव्यावर नोकरी केली, हल्ली हरणी रोडला असतो. बेटा, आईला समजावण्यापुरतं सांगतो, कारण त्यांची भीती अगदीच चुकीची नाहीये.

आपला नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातमध्ये 458 किलोमीटर, तोंडाशी सेकंदाला 1133 घनमीटर पाणी, सगळं उतारावर वाहतं, शेतीसाठी. इंग्लंडचे कालवे त्याच्या अगदी उलटे. ते मालवाहतुकीला बांधले, पाणी जवळजवळ उभं असतं, साधारण छाती-कमरेइतकंच खोल, आणि डोंगर आला की लॉकच्या पायऱ्या. सगळ्यात उंच टप्प्याला पाणी जलाशयातून द्यावं लागतं, आणि एक बोट अरुंद लॉकमधून गेली की लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात जातं. म्हणून तिकडे पुराच्या आधी दुष्काळ विचारात घ्यायचा. 2025 च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे पट्टे पाणी नाही म्हणून बंद ठेवले होते, बोटी जिथल्या तिथे.

पण लेस्टरच्या उत्तरेचा बराचसा भाग कालवा नाही, सोर नदी आहे, आणि नदीला पूर येतो. जानेवारी 2025 मध्ये लेस्टरशायरमध्ये मोठा पूर होता. बोट तरंगते हे खरं, पण दोर आखूड बांधला असेल तर पाणी चढताना बोट त्या बाजूला ओढली जाऊन कलते, आणि पाणी काठावर चढून अचानक उतरलं तर बोट काठावरच अडकून बसते. म्हणून दोराला ढील ठेवायची, पाणी वाढायच्या सूचना फोनवर लावून ठेवायच्या, आणि पाऊस जोरात असेल त्या आठवड्यांत दक्षिणेला किलबी ब्रिजच्या बाजूला खऱ्या कालव्यात जाऊन राहायचं. आईला सांग, विश्वामित्रीच्या काठचं घर उचलून नेता येत नाही, हे नेता येतं, फक्त वेळेत न्यायला हवं.

फोडणी_आणि_वाफ

अगं मी ब्राउन्स्टनजवळ राहते, चौथी थंडी आहे आमची, माहेर रावपुऱ्यातलं. थंडी आणि स्वयंपाकाबद्दल मी सांगते.

बोट बाहेरून 6 फूट 10 इंच रुंद, आतून धर सहा फूट. त्यात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं. थंड लोखंड आणि गरम वाफ, दुसरं काही नाही. पहिल्या वर्षी गादी थेट फळीवर टाकली होती, जानेवारीत उचलून बघितली तर खालून ओली आणि काळे ठिपके. आता खाली लाकडी पट्ट्यांची जाळी आहे, हवा खेळते. भाजणी, पोहे, पापड पाण्याच्या रेषेखालच्या कपाटात ठेवू नकोस, मऊ पडतात, वरच्या कपाटात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आईने दिलेला चिवडा मी तर शेगडीच्या जवळच्या शेल्फवर ठेवते, शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, थंडी वाजते म्हणून व्हेंट कधीच, कधीच बुजवायचे नाहीत. शेगडीचा धूर दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. 2019 पासून बोटीवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे, तू दोन लाव, एक झोपायच्या जागी. गॅसला प्रोपेन घे, ब्युटेन शून्याच्या आसपास बाहेर येईनासा होतो, ऐन सकाळी चहा अडतो.

टॉयलेटचं कुणी बोललं नाही म्हणून मीच बोलते. कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैल्याची टाकी, असेल तर दोघांना दोन-तीन दिवसांत भरते, ती उचलून एल्सन पॉइंटला (मैला ओतायच्या ठरलेल्या जागी) रिकामी करायची. भरलेली कॅसेट 20 किलोच्या आसपास जाते, बर्फात टोपाथवरून ओढत नेताना कळतं. जास्तीची एक कॅसेट घेऊनच ठेव. पाण्याची टाकी आमची आठवडा-दहा दिवस जाते, पण नळाचा पॉइंट गोठला तर नाही, म्हणून कडाका पडायच्या आदल्या दिवशी भरून घ्यायची. आणि कॅनॉलवर बर्फ असताना बोट हलवायची नाही, बर्फाच्या कडा ब्लॅकिंग खरवडून काढतात.

मिक्सर चालतो का हे सगळ्या मराठी बायका विचारतात. चालतो, इन्व्हर्टर चांगला हवा. डिसेंबरात सोलर नावालाच असतं, रोज इंजिन लावून बॅटऱ्या भराव्या लागतात, तेही सकाळी आठ ते रात्री आठच, शेजाऱ्यांना त्रास नको. इडलीचं पीठ मी इंजिन चालू असतानाच वाटते.

हे सगळं असूनही मला परत फ्लॅटमध्ये जायचं नाहीये. पण तू उन्हाळ्यात बघून ठरवू नकोस. फेब्रुवारीत एक आठवडा भाड्याने बोट घे, काही ठिकाणी थंडीतही देतात, आणि त्या आठवड्यात ऑफिसला जाऊन दाखव.

सुरसागर_ते_सोर

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री आईला पूर्ण वाचून दाखवलं. काकांचं शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

मालकाला मेसेज केला की सर्व्हेच्या अटीवर ऑफर देतो, बाहेर काढायचा खर्च आमचा. तो म्हणाला बोट बाहेर काढणार नाही, जशी आहे तशी घ्या. नवऱ्याने तिकडून फोन करून नाही सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, ती शेगडी आणि ती खिडकी मी मनात माझी धरून चालले होते. पण तो करंगळीचा खड्डा डोळ्यांसमोर येत होता.

आता ठरवलंय असं की फेब्रुवारीत आठवडाभर भाड्याची बोट, आणि तोवर लेस्टर ते मार्केट हार्बरोच्या पट्ट्यात रेसिडेन्शिअल मूरिंगच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव घालायचं. जागा मिळाली की मग बोट. आईचा एकच प्रश्न उरलाय, देव कुठे ठेवणार. मला खरंच उत्तर देता आलं नाही.

टोपाथवरचा_बडोदेकर

आमचे बेडच्या डोक्याशी शेल्फवर आहेत, पूर्व-पश्चिम काही राहत नाही, बोट वळली की दिशा बदलते, ते आईंना आधीच सांगा. शेल्फच्या पुढच्या कडेला दोन इंचाची लाकडी पट्टी ठोकून घ्या, लॉकमध्ये पाणी भरताना बोट गेटवर आपटते तेव्हा पहिल्या वर्षी आमचा बाळकृष्ण खाली आला होता. मूर्तींच्या खाली रबरी मॅट पण घाला. निरांजन लावायचं ते बोट बांधलेली असतानाच, चालती असताना नाही, आणि पडद्यापासून लांब.

फोडणी_आणि_वाफ

आणि ताम्हनातलं पाणी माझी सासू इथे आली होती तेव्हा रोज खिडकीतून कॅनॉलमध्ये सोडायची, बदकं जमायची लगेच. आईंना फेब्रुवारीत नको, मे महिन्यात बोलाव.