मदत हवी आहे: ट्रोपोनिनची पकड सैल होते, तरी हृदयाचा जोर वाढतो कसा?

नमस्कार मंडळी,

बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅड्रेनर्जिक (अ‍ॅड्रेनॅलिनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या) औषधांपाशी गाडी अडली आहे. पाठांतराने पेपर निघेल, पण मला हे समजून घ्यायचंय.

मला कळलंय ते असं: आयसोप्रेनॅलिन किंवा डोब्युटामिन हृदयाच्या पेशीवरच्या बीटा-१ रिसेप्टरवर बसतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज ए हे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम कामाला लागतं. ते एल-टाइप कॅल्शियम चॅनलला फॉस्फेट लावतं, बाहेरून जास्त कॅल्शियम येतं आणि त्या इशाऱ्यावर सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून (पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारातून) आणखी सुटतं. इथवर ठीक.

पण तेच कायनेज ट्रोपोनिन-आयलाही (ट्रोपोनिन हे स्नायूचं आखडणं सुरू करणारं प्रथिन, आय आणि सी हे त्याचे भाग) फॉस्फेट लावतं, आणि मग ट्रोपोनिन-सीची कॅल्शियमवरची पकड सैल होते. स्नायू आखडतो तोच मुळी तिथे कॅल्शियम चिकटल्यावर! मग जोर कमी व्हायला हवा ना? क्लासच्या नोट्समध्ये यावर एक ओळ नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

प्रश्न नेमका आहे. पकड सैल होते हे खरंच, पण कॅल्शियम इतकं वाढतं की एकूण जोर वाढतोच. सैल पकडीचा उपयोग ठोक्याच्या उत्तरार्धात होतो. मिनिटाला ७५ ठोके असतात तेव्हा एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, १५० झाले की ०.४. कात्री लागते ती मुख्यतः रक्त भरण्याच्या वेळेला. तेवढ्यात स्नायू सैल झाला नाही तर कप्पे भरणार कसे, आणि अर्धवट भरलेलं हृदय कितीही जोरात आवळलं तरी बाहेर काय टाकणार?

यात ट्रोपोनिनपेक्षा मोठा वाटा फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा. एरवी ते सर्का या रेटिक्युलमवरच्या कॅल्शियम पंपाला आवरून धरतं. फॉस्फेट लागलं की पंप मोकळा होतो आणि कॅल्शियम भराभर रेटिक्युलममध्ये परत ओढतो. स्नायू लवकर सैल होतो, शिवाय साठा वाढल्याने पुढचा ठोकाही जोरकस पडतो.

स्नायूच्या ताणाचे आलेख शेजारी ठेवून बघा. आयसोप्रेनॅलिनने शिखर उंच होतं आणि अरुंदही. डिगॉक्सिनने उंची वाढते, पण रुंदी तशी आटत नाही. ते सोडियम-पोटॅशियम पंप अडवून कॅल्शियम वाढवतं, सायक्लिक एएमपीच्या वाटेला जात नाही. माझ्या मते हा फरक पहिल्याच तासाला शिकवायला हवा.

धागाकर्ती

खूप आभार! म्हणजे मेटोप्रोलॉल (बीटा-१ रिसेप्टर अडवणारं औषध) दिलं की सैल होण्याचा वेगही मंदावत असणार?

प्रतिसाद १

हो. पण ठोकेही कमी होतात, त्यामुळे भरायला वेळ जास्त मिळतो.